उदमांजराची एनओसी

माळवदाच्या तुळईवरचं उदमांजर, न्हाणीच्या मोरीपाशी थबकलेली घोरपड, देवळीत बसलेलं गव्हाणी घुबड. सोलापुरातल्या जुन्या वाड्यांमधले असे फोटो जमले, छापून झाले, फ्रेमाही झाल्या. घोडं अडलं ते प्रदर्शनाच्या हॉलवर.

काउंटरवरच्या साहेबांनी फोटो चाळले. "मालक, जंगली जनावरं म्हटल्यावर वनखात्याची एनओसी लागतीच."

"जंगलातली नाहीत ओ, घरातली आहेत."

"मग पाळल्यात का? त्यो तर गुन्हा हाय."

वनखात्यातल्या मॅडम नीट बोलल्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातलं कलम २८ अभयारण्यात शिरण्याच्या परवान्याचं. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात फोटो काढायचे असतील तर या, लोकांच्या न्हाणीतल्या फोटोला परवाना कसला? मी हे हॉलवर येऊन सांगितलं. "तसं लेखी आणा." परत मॅडमकडे. "जे लागतच नाही, ते लागत नाही असं कुठल्या नमुन्यात देऊ?" त्यांचंही खरंच होतं. परत हॉल. साहेब जेवायला गेलेले. आले तेव्हा म्हणाले, एनओसी नाही तर तारीख दुसऱ्याला देतो. माझं डोकं असं तापलं की विचारू नका.

शेवटी वनखात्याला अर्जच वेगळा लिहिला. 'परवानगी मिळावी' असं अजिबात लिहू नका, 'परवानगी लागते का ते कळवावे' असं लिहा. आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. तो गोल शिक्का बघून साहेबांनी लगेच पावती फाडली. मजकूर वाचलासुद्धा नाही!

हां, अर्जात एक ओळ हवीच: प्राणी पकडला नाही, आमिष ठेवलं नाही. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पकडणं येतं, तसं आमिष दाखवणंही येतं. म्हणजे फोटोसाठी केळं ठेवून उदमांजर बोलवायचं नाही. ते चिकूच्या वासाने आपलं आपण येतं. घोरपड तर अनुसूची १ मधली, म्हणजे कायद्यातल्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतली. तिच्या मागे मांसासाठी, तेलासाठी लोक लागतात, म्हणून फोटोखाली गल्लीचं नावसुद्धा घालू नका. घरमालकाची लेखी संमती मात्र आधीच घेऊन ठेवा, फोटो लागल्यावर भाऊबंद जागे होतात. आणि घुबडावर फ्लॅश मारू नका.

हॉलची अनामत अजून परत आलेली नाही. त्याला वेगळा अर्ज लागतो म्हणे.