दोरी वीतभर खाली
आज खारघरच्या मैदानावर रग्बीच्या पोरांकडून फक्त रक घोटवून घेतला, म्हणजे जमिनीवरच्या बॉलवर दोन्ही संघांनी पायांवर उभं राहून केलेली रेटारेटी. बॉल जमिनीवर आला की धावतात झकास, पण शेवटच्या दोन पावलांत ताठ! समोरचा खालून खांदा घालतो आणि आमचा वाघ चिखलात उताणा.

शेवटी दोन बांबूंना आडवी दोरी बांधली, म्हटलं, हिच्याखालून आत शिरा. तर सगळे कमरेतूनच वाकले, डोकं थेट जमिनीकडे! अरे, डोकं-खांदे कमरेच्या खाली गेले की नियमभंग, वर मानेला धोका. गुडघ्यात बसा, पाठ सपाट, नजर वर. कबड्डी खेळणाऱ्या पोरीला हे न सांगताच जमलं, रेडरचा घोटा धरायची सवय ना! बाकीचे "सर, मांड्या भरून आल्या" करत वडापावच्या गाडीकडे पसार. बुधवारी दोरी आणखी वीतभर खाली बांधणार आहे.