सिम डायरी: कराडचं ऊन आणि सेसनाचं टेकऑफ

जुहूवरून उडणं पुरे झालं म्हणून खारघरच्या माझ्या टेबलावरचं कॉकपिट सध्या कराडला मुक्कामी आहे. तेच एक्स-प्लेन (संगणकावरचा विमान-सिम्युलेटर), तीच सेसना १७२ एस, तोच कुरकुरणारा योक (विमानाचं स्टिअरिंग). नियम मात्र नवा: वहीतली आकडेमोड पूर्ण झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

नवी मुंबई विमानतळ घराच्या इतक्या जवळ असताना कराड कशाला, असं दोघातिघांनी विचारलं. अहो, ३,७०० मीटरच्या धावपट्टीवर सेसनाला कसली परीक्षा? गणित चुकलं तरी ती उडून जाते आणि चूक कळतही नाही. कराडची धावपट्टी १,२८० मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण ४,२०० फूट. जुहूची मुख्य धावपट्टी त्याहूनही थोडी आखूडच, पण ती समुद्राला टेकलेली. कराडची उंची १,९०० फुटांच्या घरात, वर उन्हाळ्यात पारा ३८ अंशांवर. प्रमाण वातावरणात त्या उंचीला ११ अंश धरतात. त्यापुढच्या दर अंशाला १२० फूट मिळवले की डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळपणावरून हवा जितक्या उंचीवरची भासते ती उंची) ५,१०० फुटांवर पोचते. विमानाच्या लेखी आपण कळसूबाईच्या माथ्याच्या जरा खाली उभे असतो! पंखांना हवा विरळ, प्रोपेलरला विरळ आणि टर्बो नसलेल्या इंजिनालाही विरळ, तिन्हीकडून कात्री.

आता मॅन्युअलमधला शॉर्ट फील्ड, म्हणजे आखूड धावपट्टीवरच्या टेकऑफचा तक्ता. पूर्ण वजन २,५५० पाउंड, उंचीची ओळ २,००० फुटांची, तापमान ४० अंश (मी नेहमी पुढचा वाईट रकाना घेतो). जमिनीवरची धाव १,३८० फूट, ५० फुटांचा अडथळा ओलांडेपर्यंत २,३५५. चांगलं वाटतं ना? ६ नॉट टेलविंड (मागून येणारा वारा) टाका. दर २ नॉटला १० टक्के वाढ, म्हणजे ३,०६१. हे आकडे नव्या विमानाचे आणि कसलेल्या हाताचे, म्हणून ब्रिटिश विमान-नियामक सीएए सुचवते तसा १.३३ ने गुणाकार केला: ४,०७१. संपली की धावपट्टी. समोरून वारा असेल तर मात्र दर ९ नॉटला फक्त १० टक्के सूट. टेलविंडची वसुली सावकारी व्याजाने होते, म्हणून टॅक्सीचा (जमिनीवरून विमान चालवत नेण्याचा) कंटाळा करून जवळच्या टोकावरून निघणं मी सिममध्येही बंद केलंय.

वजनाचं गणित जास्त बोलकं. रिकामं विमान १,६५० पाउंड धरा. ७५ किलोची चार माणसं ६६१, भरलेली टाकी ३१८. झाले २,६२९. एकही बॅग न ठेवता २,५५० च्या मर्यादेच्या ७९ पाउंड वर! चार सीट आहेत म्हणून चार माणसं आणि फुल टाकी, हा हिशोब या विमानात बसतच नाही. कराड ते जुहूला टाकी भरायची गरजही नाही; मी निम्मं इंधन घेतो आणि तरी राखीव उरतं.

७९ पाउंडांनी काय होतंय, असं वाटणाऱ्यांनी ११ एप्रिल १९९६ चा अमेरिकेतल्या शायेनचा अपघात वाचावा. सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ, तिचे वडील आणि प्रशिक्षक सेसना १७७ बी मधून निघाले. विमानतळ ६,१०० फुटांहून उंच, जवळ वादळ, विमान ९६ पाउंडांनी जड. उड्डाणानंतर लगेच स्टॉल होऊन (वेग घटून पंखांची उचल संपून) तिघेही गेले. अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकी एनटीएसबीने कारणांत बिघडत्या हवेत निघण्याचा निर्णय, जादा वजन आणि प्रशिक्षक वैमानिकाच्या सवयीपेक्षा जास्त डेन्सिटी अल्टिट्यूड हे सगळं एकत्र मांडलं. यातलं बरंचसं निघण्याआधीच कागदावर दिसलं असतं.

सिममध्ये एक गोष्ट छान अनुभवता येते, ती म्हणजे नजरेची फसगत. काट्यावर ५५ नॉट हाच रोटेशनचा (नाक उचलण्याचा) वेग राहतो, पण विरळ हवेत खरा वेग ६० च्या आसपास असतो. कडेचं गवत भरभर मागे जातं आणि हात योक ओढायला शिवशिवतात. लवकर ओढलं तर ग्राउंड इफेक्टमुळे (जमिनीलगत मिळणाऱ्या जादा उचलीमुळे) विमान उचललं जातं, पण दहा-बारा मीटरच्या वर चढत नाही. समोर झाडं असली तर पुढचं सांगायला नको. म्हणून नजर काट्यावर.

थांबायची खूण कुठे ठेवायची यावर अजून घोळतोय. प्रचलित नियम असा: अर्ध्या धावपट्टीपर्यंत रोटेशनच्या ७० टक्के वेग हवा, नाहीतर थ्रॉटल बंद. वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणात वाढतो आणि ०.७ चा वर्ग जवळपास निम्मा, म्हणून हे जमतं. पण कराडचं अर्धं अंतर ६४० मीटर, आणि तक्त्यानुसार वारा नसताना चाकं ४२० मीटरलाच सुटायला हवीत. तिथे ३८ नॉटवर समाधान मानणं मला फार सैल वाटतं. सध्या २१० मीटरजवळ ३८ नॉट ही माझी खूण. ती गाठली नाही तर थांबायला ढीगभर जागा उरते.

पुढच्या टप्प्यात पावसाळी हवामान घेणार. हवेचा दाब १,००० हेक्टोपास्कलपर्यंत उतरवला की प्रेशर अल्टिट्यूड (हवेच्या दाबावरून मोजलेली उंची, तक्त्यात हीच धरतात) आणखी साडेतीनशे-चारशे फूट चढेल; म्हणजे २,००० ची ओळ पुरणार नाही, ३,००० च्या ओळीकडे जावं लागेल. ओल्या धावपट्टीवर टेकऑफ सोडून देताना ब्रेकला किती जागा लागते, ते कोणी मोजलं असेल तर विमानाचं वजन आणि वारा यांसकट सांगा.