डोळा कुठला मिटलायस?

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका समितीचं पत्र आलं, 'शाळेच्या आठवणी दोन पानांत लिहून पाठवा.' चार दिवस रोज रात्री लिहायला बसलो. प्रार्थनेची घंटा, पटांगणातला पिंपळ, शिपाईमामांचा दरारा, फाटकाबाहेरचा वडापाव, सगळं आठवलं. पण ते बाकीची मंडळी लिहितीलच. माझी दोन्ही पानं बाईंची. विज्ञानाच्या बाई. नाव लिहीत नाही, कारण ज्यांनी त्या काळात तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पाय ठेवला, त्यांना 'बाई' म्हटल्यावर दुसरं कुणी आठवणारच नाही.

१९८८. नववी 'ब'. वर्गात साठ मुलं, त्यातली निम्मी लालबाग-परळच्या चाळींतली. संप होऊन गेलेला, घरोघरी वडील दुसरं काहीतरी काम शोधत असलेले. पुस्तकात डोळ्याची आकृती होती. पारपटल, बुबुळ, भिंग, दृष्टिपटल. बाईंनी ती फळ्यावर काढली, नावं दिली आणि खडू खाली ठेवून म्हणाल्या, "हे झालं परीक्षेचं. आता आपण बघतो कसं ते बघू." त्या एका आकृतीवर त्यांनी पुढचे तीन आठवडे घालवले. अभ्यासक्रम मागे पडला, तो त्यांनी शनिवारी जादा तास घेऊन भरून काढला. एकही पैसा न घेता, हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या दिवशी त्या स्टीलच्या डब्यात बोकडाचे सहा डोळे घेऊन आल्या. भोईवाड्यातल्या मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. बाई स्वतः अंडंही न खाणाऱ्या, पण पातं त्यांनीच चालवलं. आतलं भिंग लिमलेटच्या गोळीएवढं निघालं, स्वच्छ पारदर्शक. ते वर्तमानपत्रावर ठेवलं तर खालची अक्षरं मोठी दिसू लागली. मागच्या बाजूला गर, आणि त्यामागे पडदा, म्हणजे दृष्टिपटल, भिजलेल्या पतंगाच्या कागदासारखा. त्याच्याखाली मोरपिसासारखी निळी-हिरवी चकाकी. रात्री गुरांचे, मांजराचे डोळे चमकतात ते हिच्यामुळे, माणसात ही नसते, एवढं सांगून बाईंनी पडदा चिमट्यानं अलगद ओढला. तो सगळीकडून सुटून आला, पण मागे एका ठिकाणी चिकटूनच राहिला.

"का नाही सुटत?" बाईंनी विचारलं. कुणालाच सांगता येईना. "सगळ्या तारा इथे गोळा होऊन मेंदूकडे निघतात. ही दृक्‌चेता. जिथून तारा बाहेर पडतात, तिथे प्रकाश टिपणारी एकही पेशी नाही. एवढ्या जागेपुरता बोकड आंधळा. आणि तुम्हीही."

आता जो प्रसंग सांगायचा आहे, तो तसा अगदी किरकोळ आहे. त्या वर्गातल्या कुणाला आठवत असेल असं वाटत नाही.

बाईंनी रफ वहीत डावीकडे एक फुली आणि तिच्यापासून बरोबर ८ सेंटीमीटरवर उजवीकडे एक ठिपका काढायला सांगितला. डावा डोळा मिटायचा, उजव्यानं फुलीकडे बघत राहायचं, आणि ३० सेंटीमीटरची पट्टी गालाला लावून वही तिच्या दुसऱ्या टोकाशी धरायची. मग वही थोडी मागे-पुढे करायची. ठिपका नाहीसा होतो. वर्गात एकच गलका झाला. "गेला! बाई, गेला!" शेजारचा मित्र बाकावरून उठून नाचायला लागला. माझा ठिपका काही जाईना. वही पुढे घेतली, मागे घेतली, ठिपका आपला तिथेच. साठ जणांत मी एकटाच राहिलोय असं वाटून मीही ओरडलो, "गेला!"

बाई माझ्याच बाकाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "डोळा कुठला मिटलायस?"

"उजवा."

"मग गेला कसा?"

कान गरम झाले. बाई रागावल्या नाहीत. माझी वही घेऊन त्या फळ्यापाशी गेल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "आता सगळ्यांनी उजवा मिटा आणि डाव्या डोळ्यानं फुलीकडे बघा." वर्ग शांत झाला. कुणाचाच ठिपका जाईना. मग त्यांनी फळ्यावर दोन डोळे वरून दिसतात तसे काढले. तारा बाहेर पडतात ती जागा, म्हणजे अंधबिंदू, पडद्याच्या मधोमध नसते, नाकाच्या बाजूला सरकलेली असते. भिंग प्रतिमा उलटवतं, त्यामुळे समोरच्या दृश्यात तो अंधबिंदू कानाच्या बाजूला येतो. उजव्या डोळ्याचा उजवीकडे, डाव्याचा डावीकडे. म्हणून एकाला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, आणि दोन्ही डोळे उघडे असताना ही उणीव जन्मभर कळत नाही. माझ्या चुकीवर त्यांनी अर्धा तास शिकवलं. तास संपल्यावर वही परत देताना फक्त माझ्यापुरतं म्हणाल्या, "दिसत होता ना? मग दिसतोय म्हणायचं. साठ जणांना दिसला नाही तरी."

दुसऱ्या दिवशी ठिपक्याऐवजी रेघ. आडवी रेघ, मध्ये थोडी खोडलेली. तो खोडलेला भाग अंधबिंदूवर आणला की रेघ अखंड दिसायची. "तुटलेली रेघ कुणी सांधली?" बाई विचारत होत्या. "डोळ्यानं? त्याच्याकडे तर तिथली काहीच बातमी नाही." सतराव्या शतकात फ्रान्समध्ये एदम मारियोत यांनी ही जागा शोधून काढली. त्याआधीची माणसंही हेच भोक घेऊन जगली, कुणाच्या लक्षात आलं नाही, हे सांगताना बाईंच्या आवाजात जे नवल होतं ते मला अजून ऐकू येतं.

आकडेही त्यांनी पाठ करायला लावले नाहीत, पण माझे पाठ झाले. एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी, सुमारे ६० लाख शंक्वाकार पेशी, आणि मेंदूकडे जाणाऱ्या तारा जेमतेम १० लाखांच्या घरात. "संध्याकाळी सहाला दादरचा पूल आठवा," बाई म्हणाल्या. "सगळेच एकदम घुसायला लागले तर कुणी पुढे जाईल का? म्हणून पडदा आधीच निवड करतो. जिथे काही बदललं, जिथे कड आहे, तिथली बातमी पुढे."

आणि मग तो टाळ्यांचा तास! मेंदूचा अभ्यास करणारे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांना १९८१ साली नोबेल मिळालं होतं, म्हणजे गोष्ट तशी ताजी. मांजराच्या मेंदूच्या मागच्या भागातल्या एकेका पेशीचं बोलणं, म्हणजे तिचे विजेचे संकेत, ते ऐकत होते. मांजरासमोरच्या पडद्यावर ठिपके दाखवून थकले, पेशी गप्प. एकदा काचपट्टी सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली आणि पेशी कडाडून बोलू लागली. तिला हवी होती एका विशिष्ट कलाची रेघ. बाईंनी आम्हालाच त्या पेशी केलं. खिडकीकडच्या रांगेनं उभ्या काठीला टाळी वाजवायची, मधल्या रांगेनं तिरप्या, दाराकडच्या रांगेनं आडव्या. कल थोडा चुकला तर टाळी हळू. बाई नकाशाची काठी फिरवत होत्या आणि टाळ्या वर्गभर फिरत होत्या. गोंगाट ऐकून मुख्याध्यापक दारात आले. बाई त्यांना म्हणाल्या, "सर, हा मेंदूचा मागचा भाग आहे. आत या, एक जागा रिकामी आहे." सर खरंच आत येऊन दाराकडच्या रांगेत बसले.

मी पुढे ऑप्टोमेट्रिस्ट झालो. गेली पंचवीस वर्षं दवाखान्याबरोबर शाळाशाळांतून मुलांचे डोळे तपासतो. रांगेत उभी असलेली मुलं पुढच्याचं ऐकून तक्ता पाठ करतात, हे पहिल्याच वर्षी लक्षात आलं. दिसत नसलेलं पोर घडाघडा वाचून दाखवतं. कारण तेच, सगळ्यांना दिसतंय. मी तक्ता मध्येच बदलतो, खाली वाकून विचारतो, "खरं काय दिसतंय? नाही दिसलं तरी चालेल." एक डोळा आळशी असलेली मुलं अशीच सापडतात. ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने बंद ठेवला, तेव्हा डोळा शाबूत असूनही मेंदूनं त्याचं ऐकणं जवळजवळ सोडून दिलं होतं. म्हणून लहान वयातच चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुसऱ्याला कामाला लावायचं. मूल रडतं, आई रडते, पट्टी बांधायचीच. आजवर अशी किती मुलं वेळेत सापडली, तो आकडा माझ्या वहीत आहे, पण त्याचं श्रेय माझं नाही.

काही वर्षांपूर्वी बाईंना डोंबिवलीला भेटायला गेलो होतो. मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'बद्दल त्यांना सांगितलं. २००५ पासून दिल्लीत त्या कामातून जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर उपचार होतात. आठ ते सतरा वर्षांची पाच मुलं, शस्त्रक्रियेनंतर पट्टी काढल्यावर समोरचा ठोकळा दिसत होता, पण हातानं चाचपलेला तो हाच, हे नुसतं बघून ओळखता येईना. काही दिवसांत येऊ लागलं. चित्रातल्या वस्तू एकमेकींत मिसळून जात, पण हलू लागल्या की वेगळ्या होत. बाई चहाचा कप हातात तसाच धरून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सुरुवातीला ती मुलं काय म्हणाली, ते त्यांच्या शब्दांत कुणी लिहून ठेवलंय का रे? शोध आणि मला पाठव."

गेल्या वर्षी शाळेत आलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावर गेलो होतो. चार तुकड्यांची शाळा आता एका तुकडीवर आली आहे. प्रयोगशाळेत जुनी बाकं एकावर एक रचलेली, फळ्यावर पडदा लावलेला. त्यावर डोळ्याची आकृती फिरताना, उघडताना, रंगीत दिसते. चांगली आहे. पण त्या आकृतीला कुणी चिमटा लावू शकत नाही, आणि ती कुणाला विचारत नाही की डोळा कुठला मिटलायस. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि ते इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मुख्याध्यापिकांची परवानगी घेतली आहे. महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी तिसऱ्या मजल्यावर असेन. भोईवाड्यातल्या मटणवाल्याच्या त्याच दुकानात, आता त्याचा मुलगा बसतो, बारा डोळे सांगून ठेवले आहेत. नववीच्या मुलांनी येताना रफ वही आणि ३० सेंटीमीटरची पट्टी आणावी. बाईंना आणायला मी स्वतः गाडी घेऊन डोंबिवलीला जाणार आहे.