बधनाभर पाणी

माझ्या नानीचा बधना माझ्याकडे आहे. बधना म्हणजे तोटीचा तांब्या, वुजूसाठीचा, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्यासाठीचा. नानीचं घर मिरजेला, मीरासाहेबांच्या दर्ग्यापासून चार पावलांवर. तिथून तो माझ्या लग्नात माझ्याबरोबर सांगलीला आला. एका कुशीला पोचा आहे आणि तोटी जरा डावीकडे कललेली, त्यामुळे पाणी आपण धरलेल्या हातावर न पडता थोडं बाजूला पडतं. पस्तीसेक वर्षं मी हात त्याच्या कलानं नेते आहे. कल्हईवाला आता गल्लीत येत नाही, त्याला शोधत जावं लागतं.

एकदा दुधाच्या मापानं मोजून बघितलं. गळ्यापर्यंत भरला तर पाऊण लिटर. तेवढ्यात हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात आणि घोट्यापर्यंत पाय एवढं सगळं उरकायचं. नानीचं उरकायचं, आणि वर उरलेलं ती कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतायची. माझं डाव्या पायाशी येऊन संपतं. सून बेसिनचा नळ सोडून वुजू करते. तिच्या नळाखाली गुपचूप बादली लावून मोजावं असं एकदा मनात आलं होतं, पण घरात नांदायचं आहे म्हणून विचार सोडला.

पैगंबरसाहेब एका ‘मुद’ पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदींत, आहे. मुद म्हणजे मोठ्या माणसाची भरलेली ओंजळ. ती पाऊण लिटरच्या आतबाहेरच भरते, म्हणजे नानीच्या बधन्याचं माप मुळात चौदाशे वर्षांपूर्वीचं. त्यांचे एक सहाबी, म्हणजे सोबती, सअद, वुजू करताना भरपूर पाणी वापरत होते. पैगंबरांनी विचारलं, ही उधळपट्टी कसली? सअद म्हणाले, वुजूतही उधळपट्टी असते? उत्तर आलं, हो, वाहत्या नदीच्या काठी बसला असलास तरीही.

ही गोष्ट नानीनं मला मिरजेच्या कृष्णाघाटावरच सांगितली. समोर एवढी मोठी कृष्णा, आणि ही बाई बधन्यात पाणी भरून घेऊन पायरीवर मोजून मोजून हात धुतेय. मी म्हटलं, नानी, नदी काय संपणाराय का? ती म्हणाली, “नदी अल्ला की, हाथ तेरा.” त्या वयात मला ते चिक्कूपणाचं समर्थन वाटलं होतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये नदी स्वतःच आमच्या जिन्यात आली.

घरात ताप आला की थर्मामीटर बघावा तसे सांगलीकर ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे फूट बघतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2005 ला पाणी 53 च्या वर गेलं होतं, आणि त्याच्यापुढे ते जाणं शक्य नाही असं सगळ्या गावानं आपापसात ठरवून टाकलं होतं. आमचं घर मारुती चौकाच्या मागच्या अंगाला, पहिल्या मजल्यावर. खाली दुकान. पाणी 57 च्या वर गेलं, दुकान बुडालं, आणि खालचे-वरचे मिळून आम्ही नऊजण वर अडकलो. सांगलीच्या पुराची एक गंमत बाहेरच्यांना कळत नाही. इथला पाऊस थांबलेला असतो, ऊनसुद्धा पडतं, आणि पाणी चढतच असतं. पाऊस कोयनेला आणि महाबळेश्वरला, बुडते सांगली. त्यामुळे पहिल्या दिवशी गच्चीत पातेली लावून जेवढं पावसाचं पाणी धरलं तेवढंच. ते उकळून प्यायला ठेवलं. पुढे आकाशानं हात आखडता घेतला.

आता वुजूचं काय करायचं? सासरे, आम्ही त्यांना अब्बाच म्हणतो, तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते आणि नमाज सोडायला तयार नव्हते. चहूकडे पाणीच पाणी, मग अडचण कसली, असं वाटेल. शरीयतचा नियमही तसा सोपा आहे. वाहतं पाणी पाक, जोवर घाणीनं त्याचा रंग, वास किंवा चव बदलत नाही. आमच्या जिन्यातल्या पाण्यात सांडपाण्याचा शेरीनाला मिसळलेला, तिन्ही बदललं होतं. चवीचं मी अंदाजानं सांगते.

पाणी नसेल तर तयम्मुम. कोरड्या मातीवर तळवे टेकवायचे, चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवायचे, झालं. वाळवंटातल्या माणसांना दिलेली ही सवलत. पण त्या आठवड्यात सांगलीत कोरडी माती आणायची कुठून? कुंड्यांत चिखल. भिंतीवर हात टेकवले तरी चालतं म्हणून अब्बा दिवाणखान्यात गेले, तर तिथे आम्ही मोठ्या हौसेनं ऑइल पेंट मारलेला. तो चालत नाही, भिंतीचा अंश मातीचा हवा. नऊ माणसं, सभोवार अख्खी कृष्णा, आणि हात टेकवायला वीतभर जमीन नाही. शेवटी गच्चीवरच्या अडगळीच्या खोलीत एक भिंत सापडली, चुन्याची. आळसापायी रंग द्यायची राहून गेलेली. अब्बा तिच्याकडे असे बघत राहिले की मला हसू आवरेना, आणि मग त्यांनाही.

त्याच दिवसांत, मोबाइलला थोडं चार्जिंग होतं तेव्हा, कुणीतरी एक आवाजाची क्लिप पाठवली. हा आजाब आहे, लोकांच्या पापांची शिक्षा आहे वगैरे. अशा क्लिपा सगळ्याच धर्मांत निघतात आणि पुरापेक्षा वेगानं पसरतात. अब्बांनी ती पूर्ण ऐकली नाही. ते म्हणाले, पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणायला लागले, बघा, सूर्यालाही दुःख झालं. कुणाही बापाला त्या क्षणी ते ऐकून बरं वाटलं असतं. पण त्यांनी लोकांना सांगितलं, सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्या-जगण्यासाठी त्यांना ग्रहण लागत नाही. “पोटचा पोर गेला तरी ते असं बोलले,” अब्बा म्हणाले, “आणि हा क्लिपवाला घरात पंख्याखाली बसून सांगतोय कुणाची पापं.”

मला तर वेगळाच प्रश्न पडतो. आजाबाला पत्ता नेहमी सखल जागेचाच कसा सापडतो? सांगलीत पाणी आलं की आधी सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर. विश्रामबागच्या चढाला ते शेवटी पोचतं, किंवा पोचतच नाही. सखल जागा स्वस्त असते, एवढंच तिथल्या लोकांचं पाप. 2022 मध्ये पाकिस्तानात पुरानं 3 कोटी 30 लाख लोकांना तडाखा दिला, 1700 च्या वर माणसं गेली. जगाची हवा तापवणाऱ्या धुरात त्या देशाचा वाटा एक टक्काही नाही. पुढच्या वर्षी लिबियातल्या डेर्ना शहराच्या वरची दोन जुनी, डागडुजी न झालेली धरणं एका वादळी रात्री फुटली आणि हजारो माणसं समुद्रात वाहून गेली. पाऊस वरून येतो हे खरं. पण धरणाची डागडुजी कुणी करायची हे काही वरून ठरून येत नाही.

लहानपणी ताटात भात टाकला की अम्मा जगातला एखादा भुकेला देश काढायची. 1984 ला मी दहावीत होते, तेव्हा इथिओपियाच्या दुष्काळाचे फोटो पेपरात यायचे. अम्मानं एक कापून फडताळाच्या दाराला आतून चिकटवला होता. डबा काढायला दार उघडलं की ते पोर आपल्याकडे बघणार. हदीसच आहे, आपल्याहून वरच्याकडे बघू नका, खालच्याकडे बघा, म्हणजे अल्लाहनं दिलेलं क्षुल्लक वाटणार नाही. मी बघायचे, भात संपवायचे, शुक्र म्हणायचे, म्हणजे अल्लाहचे आभार. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली तेव्हा आम्ही मुद्दाम स्टेशनजवळ जाऊन ते डबे बघून आलो होतो. आपल्या कृष्णेचं पाणी तहानलेल्यांना चाललंय! इतकं उदार मला कधीच वाटलं नव्हतं, आणि त्यात माझा पैसा एक नव्हता.

पुराच्या चौथ्या दिवशी पुण्याहून भाचीचा फोन आला. बिचारी काळजीनं बोलत होती. म्हणाली, “खाला, टीव्हीवर सांगली बघून मी मुलांना सांगितलं, बघा, आपल्याला किती मिळालंय, शुक्र करा.” मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आता फडताळाच्या दाराला आम्ही चिकटलोय.

राग नाही आला. पण पंधरा-वीस मिनिटं मी नुसती बसून होते. त्या इथिओपियाच्या पोराला कुणी सांगितलं असतं, की मिरजेत एक मुलगी तुझ्याकडे बघून भात संपवते, तर त्याच्या पोटात काय पडलं असतं? हदीस मला चुकीचं वाटत नाही. ते आपली कुरकुर थांबवायला आहे, आणि माझी कुरकुर ते आजही थांबवतं. पण बघितलं, शुक्र म्हटलं आणि दार लावून घेतलं, इथे मी इतकी वर्षं थांबत होते.

संध्याकाळी होडीतून पोरं आली. दोरीला पिशवी बांधून वर ओढली. पाण्याच्या बाटल्या, मेणबत्त्या, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी. कुठनं आल्या विचारलं तर खालून पोरगं ओरडलं, “जतकडनं आल्यात मावशी!” जत! जिथे त्याच वर्षी उन्हाळाभर टँकरच्या मागे बायका घागरी घेऊन पळत होत्या. भाकऱ्या दोन दिवसांच्या असाव्यात, कडा कडक झालेल्या. एका भाकरीच्या काठाला अंगठा रुतल्याची खूण होती, तव्यावर टाकताना घाईत उमटलेली. पीठ मळायला पाणी लागतं. तिनं ते कुठल्या घागरीतलं घेतलं असेल?

कुरआनात मोमिनांचं, म्हणजे श्रद्धावंतांचं, वर्णन करताना एक शब्द येतो, ‘हक्के मालूम’. त्यांच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असतो. उपकार किंवा दया असा शब्द तिथे नाही. जकातीचा, म्हणजे बंधनकारक दानाचा, हिशेब आमच्याकडे दर रमजानला होतो. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीच्या वर शिल्लक असली आणि वर्ष उलटलं की अडीच टक्के. हे कॅल्क्युलेटर घेऊन बसतात आणि पैशापर्यंत काढतात. मी इतकी वर्षं ते आकडे आपण देतो म्हणून बघत होते. जतच्या त्या बाईनं कुठल्या कागदावर मांडलं असेल, की सांगलीतल्या पहिल्या मजल्यावरच्या लोकांचा तिच्या पिठात हक्क आहे? जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचे मानत नाही, असंही हदीस आहे. आता हिचे मानायचे कसे? नाव नाही, गाव नाही, नुसता अंगठा.

पूर ओसरला तेव्हा बकरी ईद येऊन गेली होती. आमच्या घरी त्या वर्षी शिरखुर्मा नाही, बिर्याणी नाही, झाडू, फावडी आणि चिखल. (शिरखुर्मा बकरी ईदला तसाही नसतो, पण अब्बांना लागतो.) पुढे मी संकटकाळातल्या मदतीचे नियम वाचत बसले, शिक्षिकेची खोड. छावणीतल्या माणसाला दिवसाला किमान 15 लिटर पाणी मिळावं असा मदतसंस्थांचा दंडक आहे. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, सगळं धरून. आपल्याकडे शहरातल्या माणसाला 135 लिटर धरतात. सुनेच्या नळाखाली बादली लावायचा विचार तेव्हा पुन्हा आला होता. मग स्वतःच्या वॉशिंग मशीनकडे लक्ष गेलं आणि मी वही मिटली.

अब्बा 2021 चा पूर बघून गेले. त्या वेळी पाणी थोडं कमी होतं, आणि ते आधीच गच्चीवर जाऊन बसले होते, आपली भिंत गाठून.

गेल्या महिन्यात घर रंगवायला काढलं. पेंटर वर जाऊन आला आणि म्हणाला, “बाई, त्या अडगळीच्या खोलीत एका भिंतीवर हातांचे ठसे हायत, काळपट. घासून प्रायमर मारू का?” मी वर गेले. नऊजणांचे तळवे एकावर एक पडून ओळखू न येणारे झालेत. एक तेवढा सगळ्यांहून थोडा खाली, थरथरत्या हाताचा, बोटं फाकलेली. मी म्हटलं, बाकीच्या तीन मारा.

खाली आले. असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, वेळ होत आली होती. बधना नळाखाली धरला, गळ्यापर्यंत भरला, आणि हात जरा डावीकडे नेला.