आठवणीची गोळी आणि बुद्धीची गोळी

काकूंनी छत्री मिटून दाराशी टेकवली आणि पायरीवरूनच म्हणाल्या, "ओआरएसची दोन पाकिटं दे गं, आणि चक्करच्या गोळ्या दे. गुरुजी पहाटे मोरीच्या उंबऱ्यात पडले."

गणपतीच्या आधीचा आठवडा होता. तासगावात आमचं मेडिकल आहे. एकोणीस वर्षं झाली, काउंटरला मीच उभी असते. गुरुजींनी माझ्या वडिलांना चौथीला शिकवलं, आमच्या आळीतल्या निम्म्या घरांना शिकवलं. दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांना अल्झायमर असल्याचं सांगितलं. तेव्हापासून दर महिन्याला काकू गोळ्या न्यायला येतात आणि दोन मिनिटं बोलून जातात. मधले दोन महिने मात्र दोघं पुण्याला मुलाकडे होते.

आमच्या दुकानातल्या मुलानं चक्करच्या गोळ्यांची पट्टी काढून कात्रीही हातात घेतली होती. ही प्रोक्लोरपेरझिन लोक सर्रास मागून नेतात. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसाला तीच गोळी गुंगी आणते, हातपाय ताठर करते, आधीचा गोंधळ वाढवते. मी त्याला थांबवलं आणि काकूंना आत येऊन बसायला सांगितलं.

"डोक्याला लागलं का?"

"नाही, भिंतीला धरून खाली बसल्यासारखे पडले. पण चेहरा पांढराफटक झाला होता. पाच दिवस जुलाब होतायत. ताटावर बसतात आणि उठतात. दिवसभर झोप, आणि रात्री दचकून उठून ओरडतात, शाळेला आग लागली म्हणतात. मुलगा फोनवर म्हणाला, आई, आजार वाढत जाणारच."

आजार वाढतो हे खरं. पण तो महिन्यामहिन्यानं वाढतो. पाच दिवसांत माणूस असा ढासळला तर आधी गोळ्यांचा डबा उघडायचा, हे मी या काउंटरवरच शिकले. जुलाब, अन्नावरची वासना जाणं, भेसूर स्वप्नं आणि घेरी या चारही गोष्टी एकाच गोळीकडे बोट दाखवत होत्या.

"काकू, आठवणीची गोळी चालू आहे ना?"

"आहे की. सकाळी आठवणीची देते, रात्री बुद्धीची."

हे ऐकलं आणि पोटात धस्स झालं. बुद्धीची गोळी कुठली, विचारलं तर म्हणाल्या, पुण्याच्या डॉक्टरांनी नवी दिलीय, मेंदूला ताकद यायची.

मी मुलाला काउंटरवर उभं केलं आणि तशीच त्यांच्याबरोबर निघाले. घर दोन गल्ल्या सोडून आहे.

गुरुजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले होते. काकूंनी फडताळातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून खाटेच्या कडेला पालथा केला. आयुष्यात असे डबे मी कितीतरी पाहिले असतील. अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, नाव असलेलं टोक कापून गेलेली चांदी, एका सुट्या गोळीला चिकटलेली बडीशेप. त्यातून मी तीन पट्ट्या वेगळ्या काढल्या. पहिली आमच्याच दुकानातली, डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम. दुसरी पुण्याची. कंपनी वेगळी, नाव वेगळं, रंग वेगळा, पण खालच्या बारीक अक्षरात डोनेपेझिल १० मिलिग्रॅम आणि जोडीला मेमँटिन, म्हणजे याच आजाराचं दुसरं औषध. तिसरी रक्तदाबाची मेटोप्रोलॉल, ती तर दहा वर्षं चालू आहे.

म्हणजे आठवणीची गोळी आणि बुद्धीची गोळी एकच होती. सकाळी पाच, रात्री दहा. ही गोळी पाचवर चारसहा आठवडे ठेवतात, सोसली तर दहावर नेतात. गुरुजींच्या पोटात रोज पंधरा मिलिग्रॅम जात होतं. नुसत्या पंधरावरही ते थांबलेलं नव्हतं. पुण्याची पट्टी उघडून बारा दिवस झाले होते, काकूंनी कॅलेंडरवर खूण केली होती. त्या गोळीची रिकामी घरं मोजली तर बाराऐवजी भरली सतरा. डबा हाताशी होता, आणि मघाशी गोळी घेतल्याचं ध्यानात नसलेला माणूस ती पुन्हा घेतो.

मी गुरुजींचा हात हातात घेतला. मनगट थंड आणि ओलसर होतं. नाडी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सगळ्यांना सवय असते, पण अशा वेळी मी घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजते. एक ठोका लागायचा आणि पुढचा येईल की नाही अशी वाट बघावी लागायची. मिनिटाला बेचाळीस भरले. पुन्हा मोजले, पुन्हा बेचाळीसच.

डोनेपेझिल मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिन टिकवून धरतं. ते रसायन आठवणीच्या कामाचं असतं आणि या आजारात ते कमी पडतं. पण हे अ‍ॅसिटिलकोलिन फक्त मेंदूत नसतं. आतड्यांना तेच हलवतं, हृदयाची गतीही तेच मंद करतं. त्यात मेटोप्रोलॉलचं कामच ठोके कमी करणं. एकाच दोरीला दोघांनी एकाच बाजूला ओढ दिली होती.

मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, "आत्ता घेऊन ये, चालवत आणू नका." शेजारच्या पोरांनी गाडी काढली. ते येईपर्यंत मी डब्यातला पुण्याचा कागद वाचला. छापील होता, इंग्रजीत, आणि शेवटच्या ओळीत जुनी गोळी बंद करायला स्पष्ट सांगितलं होतं. काकू मराठी सातवी. मुलानं फोनवर "जुनी बंद कर" एवढंच सांगितलेलं. जुन्या तर डब्यात चार होत्या. त्यांनी गुडघ्याची बंद केली.

तेवढ्यात गुरुजी उठून बसले आणि माझ्या हातातला कागद त्यांनी घेतला. चष्मा नव्हता, तरी डोळ्यांपासून लांब धरून शेवटची ओळ त्यांनी स्वच्छ उच्चारात मोठ्यानं वाचली, वर्गात वाचतात तशी. "स्टॉप टॅब्लेट डोनेपेझिल फाइव्ह." मग कागदाची नीट घडी घातली आणि मला म्हणाले, "हा कुणाचा आहे त्याला देऊन टाक बाळ."

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

ईसीजी काढल्यावर डॉक्टरांनी लगेच मिरजेला पाठवलं. दोन रात्री ते मॉनिटरखाली होते. डोनेपेझिल थांबवलं. मेटोप्रोलॉल तिथल्या डॉक्टरांनी बदलून हृदय मंद न करणारं दुसरं औषध दिलं. मुलगा रात्रीच पुण्याहून आला. त्याला वाटलं होतं, गोळी थांबली की उद्या बरं वाटेल. पण हे औषध अंगातून निम्मं व्हायलाच साधारण ७० तास लागतात, आणि पूर्ण निघायला दोन आठवडे. तिसऱ्या दिवशी ठोके पन्नाशीत आले, दहाव्या दिवशी साठीपुढे. जुलाब थांबले. काकूंनी फोन करून सांगितलं, "आज दोन भाकरी खाल्ल्या गं."

आता माझ्या वाट्याचं सांगते. त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी बिलं काढली. डोनेपेझिल ५ ची ती पट्टी त्याच बारा दिवसांपूर्वी आमच्याकडून गेली होती. पुण्याहून आल्या आल्या काकू रिकामी पट्टी घेऊन आल्या, "हीच दे" म्हणाल्या, आणि मी दिली. मीच, त्या पोरानं नव्हे. पट्टीच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असते. ती रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. पण रोजचं माणूस, रोजची गोळी, म्हणून मी कागद मागितला नाही. "पुण्याच्या डॉक्टरांनी काही बदललं का?" एवढा एक प्रश्न विचारला असता तर गुरुजी मोरीत पडले नसते. मी हे गुरुजींच्या मुलाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मीही कागद आईला वाचून दाखवायला हवा होता." त्याचं मन मोठं, पण माझं तेवढ्यानं हलकं झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी आमच्या वहीतून ही गोळी जाणारी घरं शोधली. चौदा निघाली. २०२३ साली आलेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या दर शंभरांमागे सातांहून जास्त जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, म्हणजे देशात ८८ लाख. पण माझ्यासाठी ती चौदा घरं होती. प्रत्येकाला मी फोन करून सांगितलं, डबा घेऊन या, सगळा. चिठ्ठ्यांसकट, खोकल्याच्या बाटलीसकट, वैद्यांच्या पुड्यांसकट.

जे निघालं त्यानं मला आणखी हादरवलं. दोन घरांत आठवणीच्या गोळीबरोबर लघवी थोपवायची ऑक्सिब्युटिनिन चालू होती. आठवणीच्या गोळीनं कधीकधी लघवीची घाई लागते, म्हणून घरचे दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात, ते नवी गोळी देतात, आणि ती नेमकं अ‍ॅसिटिलकोलिनच अडवते. म्हणजे सकाळी जे कमवायचं ते दुपारी घालवायचं, आणि वर माणूस जास्तच बावरतो. एका आजींना रात्री झोप लागावी म्हणून सून सर्दीखोकल्याचं औषध देत होती, डायफेनहायड्रामिनचं. तेही अ‍ॅसिटिलकोलिनच अडवतं. तिचा हेतू चांगलाच होता. एका घरात आजोबा गोळी गालात धरून ठेवायचे आणि नंतर तुळशीच्या कुंडीत टाकायचे. त्यांच्या मुलीनं मला कुंडीतल्या मातीतून काढलेल्या, पाण्यानं फुगलेल्या सात गोळ्या कागदात बांधून आणून दाखवल्या. डॉक्टरांना वाटत होतं औषध लागू पडत नाही, म्हणून डोस वाढवायचं चाललं होतं. आणि एका घरात रात्री आरडाओरडा करतात म्हणून भावानं कुठून तरी हॅलोपेरिडॉल ही मनोविकाराची गोळी आणलेली. अशा गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्ये या वर्गातल्या नव्या गोळ्यांसाठी आणि २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या गोळ्यांसाठीही तसा ठळक इशारा दिलेला आहे. कधीकधी त्या लागतात, नाही असं नाही. पण त्या डॉक्टरांनी माणूस समोर बसवून, थोड्या दिवसांसाठी द्यायच्या. त्यांना मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं.

कुणालाही मी स्वतः होऊन गोळी बंद करायला सांगितलं नाही. भीती वाटली की लोक सगळंच बंद करतात, काकूही विचारत होत्या, "मग सगळ्याच सोडून देऊ का गं?" ते तितकंच वाईट. मी कागदावर लिहून द्यायची आणि सांगायची, हे घेऊन डॉक्टरांकडे जा, ठरवायचं त्यांनी. बहुतेक डॉक्टरांनी ते चांगल्या मनानं घेतलं. एकांना राग आला, तोही मी ऐकून घेतला.

गुरुजींना महिनाभरानं, पुन्हा ईसीजी बघून, डोनेपेझिल ५ सुरू झाली. एकच, सकाळी, म्हणजे भेसूर स्वप्नं कमी पडतात. त्या दिवशी मी त्यांच्या घरी एक तक्ता घेऊन गेले. मोठ्या अक्षरात, मराठीत. कंपनीचं नाव नाही, आतल्या औषधाचं नाव. कशासाठी, किती, कधी, कोण देणार. देणार फक्त काकू, आणि पाणी प्यायल्यावर तोंड उघडून बघणार. रोज सकाळी गोळीच्या आधी पूर्ण मिनिट नाडी मोजायची, पन्नासच्या खाली गेली तर गोळी न देता डॉक्टरांना फोन. बिस्किटांचा डबा मी मागून घेतला. गोळ्या आता काकूंच्या कपाटात, किल्ली कमरेला. पट्टी कापायची ती नाव नसलेल्या टोकाकडून, शेवटच्या गोळीपर्यंत नाव आणि मुदत शाबूत राहिली पाहिजे. तुटकी पट्टी घेऊन दुकानात आलं तर मी गोळी देणार नाही, हेही तक्त्याच्या खाली लिहिलं.

तक्ता स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवत होते, तर गुरुजी मागे येऊन उभे राहिले. मी कोण हे त्यांना त्या दिवशी उमगत नव्हतं. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, बोट फिरवत. मग खिशाला नेहमी असतं ते लाल पेन काढलं. मी "सकाळी दुध पिऊन झाल्यावर" असं लिहिलं होतं. त्यांनी "दु" ला गोल केला आणि वर नीट, वळणदार अक्षरात "दू" लिहिला.

"दूध दीर्घ असतं," ते म्हणाले. "पुन्हा लिहून आण."

मी दुसरा तक्ता लिहून नेला. काकूंनी तो आत ठेवला. दारावर आजही लाल दुरुस्ती असलेलाच आहे.