पॅप अ‍ॅबनॉर्मल आली म्हणून पिशवी काढायची नसते

माझ्या पॅपच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशींच्या तपासणीच्या, रिपोर्टचा पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा मी कुकर लावत होते. त्यात लिहिलेलं एचएसआयएल (पेशींमधले हाय ग्रेड, म्हणजे जास्त गंभीर बदल), मी सर्च केलं आणि पहिल्याच ओळीत कॅन्सर, मग शिट्ट्या किती झाल्या तेही कळलं नाही. संध्याकाळी जाऊबाईंना सांगितलं तर त्या लगेच, "अगं दोन पोरं झालीत ना, पिशवी काढून टाक, कटकट नको." काळजीनेच बोलल्या, त्यांचीही चाळिशीच्या आत काढलीये. पण आपल्याकडे पांढरं जातंय, कंबर दुखतेय, काहीही झालं की सगळं पिशवीवरच येतं, म्हणून हे लिहितेय.

डॉक्टर मॅडमनी कागदावर उलटा पेरू काढला आणि खाली देठाच्या जागी गोल केला. हे पिशवीचं तोंड, पेशी बदलल्यात त्या इथल्या. पॅप ही नुसती चाळणी आहे, खरं निदान बायोप्सीतून होतं. एलएसआयएल, म्हणजे सौम्य बदल, असेल तर बऱ्याच जणींचं आपोआप निवळतं, कारण मागे संबंधातून येणारा एचपीव्ही व्हायरस असतो आणि तो बहुतेकींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत जातो. आणि हा व्हायरस वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो, त्यामुळे कुणाकडून आला हे शोधत नवऱ्याशी भांडू नका प्लीज.

माझं हाय ग्रेड होतं म्हणून कॉल्पोस्कोपी, म्हणजे पिशवीचं तोंड दुर्बिणीतून मोठं करून बघणं. व्हिनेगरसारखा वास आला, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात त्याचा, आणि स्क्रीनवर गुलाबी भागात मिनिटभरात एक पांढरा डाग उमटला, डाळिंबाच्या दाण्याएवढा. तिथूनच चिमटीएवढा तुकडा घेतला. दुखलं, पाळीत दुखतं तसं. रिपोर्ट सीआयएन ३, म्हणजे कॅन्सरच्या आधीचे पेशींतले बदल, १ सौम्य आणि ३ सगळ्यात गंभीर. सीआयएन १ असतं तर बहुधा नुसतं लक्ष ठेवलं असतं, ३ ला ट्रीटमेंट लागतेच, कारण तसंच सोडलं तर पुढे काही वर्षांनी त्याचा कॅन्सर होऊ शकतो.

ट्रीटमेंट म्हणजे लीप. तेवढ्याच जागी भूल देऊन तारेच्या बारीक लूपने, करंटवर, तेवढाच भाग काढतात. पंधरा-वीस मिनिटं, त्याच दिवशी घरी. पिशवी जागेवर. पुढे दोन-तीन आठवडे तपकिरी पाणी जात होतं, महिनाभर संबंध नाही, जड उचलायचं नाही. जास्त रक्त गेलं, ताप आला किंवा घाण वास आला तर लगेच डॉक्टरकडे जायचं.

उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या गावांमध्ये लाखावर बायकांचा अभ्यास झाला होता, २००९ मध्ये छापून आला, एकदाच एचपीव्ही टेस्ट आणि गरज असलेल्यांना पुढचे उपचार, एवढ्यावर या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. पुढचे उपचार, हे महत्त्वाचं, नुसती टेस्ट करून फाइल कपाटात ठेवून नाही.

काढलेल्या तुकड्याच्या कडा क्लिअर आहेत का, म्हणजे कडेला बदललेल्या पेशी नाहीत ना, ते नक्की विचारा, माझ्या होत्या. सहा महिन्यांनी एचपीव्ही टेस्ट निगेटिव्ह आली, आता पुढची वर्षभराने, आणि मॅडम म्हणाल्यात की हे चेकिंग बरीच वर्षं चालू ठेवायचं.