तुम्ही विचारलंत म्हणून: पास होता, तरी

"वडील रेल्वेत होते म्हणजे मजाच! फुकट प्रवासाचा पास असणार. अख्खा भारत फिरला असाल तुम्ही."

लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात, शेजारी नवं बिऱ्हाड आलं की, हे मला इतक्यांनी विचारलंय. मी आजवर हसून वेळ मारून नेली. अण्णांना जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील, आता टाळावंसं वाटत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

नाही फिरलो. आई, अण्णा, ताई आणि मी असे चौघं मिळून लांबच्या प्रवासाला कधीच गेलो नाही.

अण्णा १९७५ साली गँगमन म्हणून, म्हणजे रुळाची देखभाल करणाऱ्या टोळीत लागले आणि पुढं कीमन झाले. कीमन म्हणजे चावीवाला. रूळ खालच्या आडव्या स्लीपरला ज्या चाव्यांनी धरून ठेवलेला असतो त्या रोज तपासायच्या, ढिली झालेली ठोकून बसवायची, जॉइंटचे बोल्ट पान्यानं आवळायचे. नाशिकरोडहून मनमाडकडं निघालं की ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे अशी स्टेशनं लागतात. त्याच बाजूला त्यांचा सहा किलोमीटरचा पट्टा होता. रेल्वे म्हटलं की लोकांना कसाऱ्याचा घाट आठवतो, ३७ ला १ चा चढ, गाडीला लावलेली जादा इंजिनं. अण्णांचा पट्टा सपाट, दोन्हीकडं द्राक्षाचे मळे आणि कांद्याची शेतं. सांगण्यासारखं तिथं काही घडत नसे. घडू नये म्हणूनच ते रोज जात.

आता पासाचं. आम्हाला मे महिन्यात सुट्टी लागायची, आणि मे महिन्यातच अण्णांना रजा मागणं कठीण. जोडून लांब केलेल्या रुळाला उन्हात वाढायला जागा नसते, मग तो बाजूला वाकायला बघतो. म्हणून भर दुपारी गस्त. पावसाळ्यात खडीखालची माती वाहून जाते, पुलांखाली पाणी चढतं, म्हणून रात्रीची गस्त. दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच थंडी पडते, आणि निफाडकडची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. रूळ आखडतो, वेल्डिंगच्या जागी तडकू शकतो. पुन्हा पहाटेची गस्त. वर्षातला एकही ऋतू रुळाला मानवत नाही, असं अण्णा म्हणायचे. आमच्या पासांची मुदत अशीच घरातल्या पत्र्याच्या पेटीत संपायची.

जे थोडे वापरले ते ताईसाठी. तिच्या पायात जन्मतःच दोष होता. दोन वर्षं, महिन्यातून एकदा, अण्णा तिला मुंबईच्या डॉक्टरांकडं न्यायचे. सकाळी पंचवटी एक्सप्रेस, रात्री पंचवटीनंच परत. पास संपले की पीटीओवर, म्हणजे एक तृतीयांश भाड्यात. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते पुन्हा पट्ट्यावर. दादरच्या जिन्यावर ताई त्यांच्या खांद्यावर असायची. तिला त्या दवाखान्याचं काही आठवत नाही. अण्णांच्या टोपीला ग्रीसचा वास यायचा, तेवढं आठवतं. आज ती चालते, मुलाला शाळेत सोडायला रोज पायी जाते. भारत बघण्यापेक्षा मला त्याचंच मोल जास्त वाटतं.

अण्णांच्या पिशवीत लांब दांड्याची हातोडी, पाना, जास्तीच्या चाव्या, एक हिरवा आणि दोन लाल झेंडे, शिवाय धोक्याच्या वेळी ड्रायव्हरला सावध करायला रुळावर लावायचे फटाके. दांडा पिशवीबाहेर यायचा. जाताना एक रूळ बघत जायचं, येताना दुसरा. घट्ट चावी खणकन वाजते, ढिली बद्द. एकदा त्यांनी मला फाटकाजवळच्या पडीक रुळावर हे शिकवलं होतं. डोळे मिटायला लावले आणि विचारलं, "सांग, कुठली ढिली?" मी दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा काही बोलले नाहीत, डोक्यावरून हात फिरवला. तळहात इतका खरखरीत की केस अडकायचे.

आमचं क्वार्टर लायनीला लागूनच होतं. आईनं नवी असताना एकदा लाल झेंडे धुऊन बाहेर दोरीवर घातले. अण्णांनी धावत येऊन ते काढले. लाल कापड वाऱ्यावर फडफडताना ड्रायव्हरला दिसलं तर त्यानं काय समजायचं? तेव्हापासून झेंडे घरात, चुलीच्या वरच्या तारेवर वाळायचे. मळेवाले त्यांना द्राक्षं द्यायचे, ती गमछ्यात बांधून यायची. गमछा अपुरा पडला तर उरलेली द्राक्षं ते देणाऱ्याकडंच ठेवून येत. झेंड्यात त्यांनी आयुष्यात काही बांधलं नाही.

कॉलेजात असताना मी हिशेब मांडला होता. जाऊन-येऊन रोजचे बारा किलोमीटर, वर्षाचे साधारण २८० दिवस, कीमन म्हणून २२ वर्षं. जवळजवळ चौऱ्याहत्तर हजार किलोमीटर भरले. मी म्हटलं, "अण्णा, पृथ्वीचा घेर चाळीस हजार आहे, तुम्ही पावणेदोन चकरा मारल्या." ते भाकरी कुस्करत होते. म्हणाले, "आणि रोज घरीच आलो."

२००९ ला रिटायर झाले. २०११ ला त्यांच्या आणि आईच्या पासावर, माझं तिकीट वेगळं काढून, आम्ही तिघं रामेश्वरला गेलो. कल्याणहून मद्रासची गाडी, पुढं तिथल्याच एग्मोर स्टेशनाहून दुसरी. आई देवाच्या ओढीनं चालली होती, अण्णा खिडकीतून खडी बघत. पांबनचा पूल आला, १९१४ सालचा. गाडी अगदी सावकाश चालली होती, दोन्हीकडं समुद्र. सगळा डबा पाण्याकडं बघत होता. अण्णांनी दांडीला हात लावला, बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाले, "हवेत मीठ आहे रे. इथं लोखंड किती दिवस टिकत असेल?" पूल संपल्यावर बाजूला एक ट्रॅकमन हातोडी टेकवून उभा होता. अण्णांनी हात वर केला. त्यानंही केला. त्या माणसाची भाषा अण्णांना येत नव्हती. रामेश्वरच्या देवळात ते आईमागं फिरले, बावीस कुंडांचं स्नानही केलं, पण नाशिकला परतल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं ते त्या ट्रॅकमनचं.

आईला आता त्यांच्यामागं पास मिळतो. तो तिनं अजून वापरलेला नाही. या हिवाळ्यात मामांकडं लासलगावला जायचं होतं. एवढ्याशासाठी पास कशाला, म्हणून साधी तिकिटं काढली. ओढा गेल्यावर तिनं विचारलं, "यांचा पट्टा कुठून लागायचा?" मी दाखवला. ती खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून खाली रुळाकडं बघत राहिली. गाडीनं पाच मिनिटांत सहा किलोमीटर मागं टाकले.

"झाला?"

"हो, इथपर्यंतच."

थोडा वेळ ती गप्प होती. मग पदर सावरत म्हणाली, "येताना पलीकडच्या खिडकीशी बसू."